आवाज कमी करायचं बटण

दुसऱ्याच्या फोनमध्ये आपलं सॉफ्टवेअर घालणं म्हणजे दुसऱ्याच्या ओट्यावर स्वयंपाक करणं. झालं की ओटा पुसून निघायचं. एवढी साधी गोष्ट माझ्या एका मित्राला कळली नाही, आणि तो राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

आई फरीदाबादला एकटी राहते. तिचे हात थरथरतात. काचेवर एक दाबायला गेली की भलतंच दाबलं जातं. बटणांचा साधा फोन दिला असता, पण मग इथं गुरुग्राममध्ये मला तिचा चेहरा दिसला नसता. म्हणून मी तिचा जुना फोन जेलब्रेक केला, म्हणजे कंपनीनं घातलेली कुलपं काढली, आणि एक छोटंसं सॉफ्टवेअर लिहिलं. आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं की थेट मला व्हिडिओ कॉल. ती रोज लावायची. आपले गुडघे, माझ्या नवऱ्याचं वाढतं पोट, शेजारणीची सून, विषयांना तोटा नसायचा.

ते सॉफ्टवेअर फोनमध्ये टाकण्यासाठी पॅकेज बांधताना मी दोन गोष्टींची सोय केली होती. त्याच बटणावर चालणारं दुसरं काही फोनमध्ये असेल तर हे बसणारच नाही. आणि काढलं तर मागे काही उरणार नाही. मित्रानं ते माझ्याकडून घेतलं, स्वतःच्या चार करामतींबरोबर एका गठ्ठ्यात बांधलं आणि नेमक्या या दोन्ही सोयी उडवल्या. नंतर विचारलं तर म्हणतो, "यार, वॉर्निंग आली की लोक घाबरतात. आणि काढतंय कोण?"

दिवाळीत तो आईकडे फराळाला गेला. "काकू, नवीन व्हर्जन टाकून देतो," म्हणाला. तिनं कौतुकानं फोन हातात दिला.

गठ्ठ्यातलं आणखी एक सॉफ्टवेअर त्याच बटणावर डोळा ठेवून होतं. दोघांची जुंपली आणि फोन सुरू होता होताच बंद पडायला लागला. त्यानं गठ्ठा काढला, तर अर्धा आतच राहिला. मग या शहाण्यानं मला न विचारता सगळं पुसून कंपनीची नवी सिस्टिम घातली. "एकदम फ्रेश केलाय, बिल्कुल नवा," असं मला वर फोन करून सांगितलं. त्या नव्या सिस्टिमची कुलपं निघत नाहीत आणि जुनी परत घालता येत नाही, हे त्याला माहीत होतं. मी नको नको ते बोलले. त्यावर तो म्हणाला, "चिल यार, फोनच तर आहे."

आता आई शेजारणीकडे जाते. तिची सून आपल्या फोनवरून कॉल लावून देते. घरातले सगळे समोरच बसलेले असतात आणि त्यांना मराठी कळत नाही. आपल्याविषयी काही बोलतेय असं त्यांना वाटू नये, म्हणून आई माझ्याशी हिंदीत बोलते.

"हाँ बेटा, सब ठीक है. खाना खा लिया?"

मी म्हणते, आई, मराठीत बोल ना.

"अच्छा बेटा, रखती हूँ," ती म्हणते, आणि फोन सुनेच्या हातात परत देते.