बरडावरचे रानकांदे

आईच्या तळपायाला कुरूप होतं. ते ठणकायला लागलं की ती आमच्या बरडावरचा, म्हणजे मुरमाड पडीक जमिनीवरचा, रानकांदा चुलीत अर्धवट भाजायची, कापून फडक्यावर ठेवायची आणि त्यावर पाय दाबून उभी राहायची. पावसाळ्यात कांदा आणायला मी सोबत जायचो. मुरमात लांब हिरव्या पानांचे झुबके दिसायचे. ती एकच कांदा उकरायची आणि माती परत लोटायची. उन्हाळ्यात मात्र तिकडे एकटीच जायची. कशाला, हे मी कधी विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी चैत्रात मी बरड सपाट करायला फुलसावंगीहून जेसीबी बोलावला. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, जागा वाढेल, एवढाच विचार. रानकांदे असलेला जमिनीचा तुकडा सोडायचं मी ठरवलं होतं, हे खरं. पण मी पानं शोधत होतो, आणि पानं कुठेच नव्हती. नुसत्या बिनपानांच्या काड्या उभ्या होत्या.

"भाऊ, हे काय हाय?" चालकानं विचारलं.

"काही नाही, कचरा. चालू दे."

दोन-चार तर मीच उपटून फेकल्या.

आषाढात आई म्हणाली, "कांदा आण रे, पाय टेकवत नाही."

"अजून पानं नाही फुटले, माय."

पुढच्या वर्षीही हेच सांगितलं. दिग्रसहून कुरुपाच्या पट्ट्या आणून दिल्या.

"ह्या चिकटपट्टीनं पायातला खिळा निघते का? त्या दुकानदाराच्याच पायाले लाव म्हणा."

तोवर ती भिंत धरून चालत होती. बरडापर्यंत तिला जाता येणार नाही, याचा मला आधार वाटायचा. लिहायला लाज वाटते, पण वाटायचा.

यंदा चैत्रात तिनं बैलगाडी जुंपायला सांगितली.

"कायले, माय?" बैल गोठ्यातून बाहेर काढत मी विचारलं.

"कांद्याचे फुलं पाहू दे एकदा. पान अन् फूल संगं येत नाही त्याले. आत्ता नुसता दांडा निघते, अन् सांजच्याले फुलते."

मग मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दांडे होते ना?"

"होते."

"फुलं आलते का कळ्याच होत्या?"

मी आठवून पाहिलं.

"नाही पाह्यलं, माय."

तिनं पाय वर घेतला आणि पदरानं तळवा पुसत बसली. गाडी राहू दे, असं काही ती म्हणाली नाही. मीच बैल परत गोठ्यात बांधले.