दंडावरचा पट्टा

समोरच्या घरातल्या बाईला अख्खी इमारत सूनबाई म्हणते. नवरा जहाजावर, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना एकटं सोडता येत नाही, म्हणून हिचं जग दोन खोल्यांचं. "जरा खाली चक्कर मारून ये," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "काकू, आमचा कचऱ्याचा डबासुद्धा माझ्यापेक्षा जास्त फिरतो."

अशा घरी पडून असलेल्या रुग्णांसाठी दवाखान्याने बीपीचं यंत्र दिलं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. आकडा आपोआप दवाखान्याच्या संगणकावर जाणार आणि तो बघून डॉक्टर औषध ठरवणार. आकडा गेला नाही की फोन. योजना चांगलीच होती. पण पट्टा दिसला की सासूबाई हात पोटाशी घट्ट धरायच्या. "बेड्या घालायला मी काय चोरी केलीय?"

फोनला कंटाळून सूनबाईने एका सकाळी पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधला. फोन आला नाही. मग ते रोजचंच झालं.

आकडे चढे येत होते. डॉक्टरांनी सासूबाईंची गोळी वाढवली, पुन्हा वाढवली. सूनबाई सांगितल्याप्रमाणे देत राहिली. सासूबाई दिवसभर झोपून राहू लागल्या. तिला वाटलं, वय झालं. एक दिवस उठवून बसवताना त्यांनी डोळे फिरवले, तशी ती माझ्याकडे धावत आली. मी दवाखान्यातून सिस्टरना बोलावून घेतलं.

सिस्टरनी सासूबाईंचं बीपी बघितलं. फारच कमी.

"मग सकाळी एवढं कसं आलं?"

सूनबाईने सासूबाईंची चादर सारखी केली. मग म्हणाली, "ते माझं होतं."

सिस्टरनी पट्टा तिच्या दंडाला बांधला. आकडा बघून त्या म्हणाल्या, "अगं, तू उभी कशी राहतेस?" डॉक्टरांना फोन करून त्यांनी सासूबाईंची गोळी थांबवली. "उद्या दवाखान्यात यायचं. तू."

"आणि यांच्यापाशी कोण?"

"मी बसते," मी म्हटलं.

"तुमचे गुडघे, काकू."

"बसायला गुडघे लागत नाहीत."

दुसऱ्या दिवशी निघताना तिच्या चपलेचा अंगठा तुटला, वापरच नव्हता. मी माझी चप्पल दिली. जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. "पाणी कोमट द्या." पुन्हा गेली, पुन्हा आली. "कूस बदलताना आधी सांगा, त्या घाबरतात."

सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "बाई, दाराला आतून कडी घाला. नाहीतर ही जायची नाही."

मी कडी घातली.