मल्लप्पाची तीन मुलं

१५ एप्रिल १९७९, रविवार. वर्षाची ज्वारी निवडायला घेतली होती. ऊन चढायच्या आत कडुनिंबाचा पाला घालून पिंप भरायचं होतं. अर्धं पोतं झालं आणि हात थांबले. हात थांबणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. त्यांच्यापासून मी सहसा काही लपवत नाही, कारण लपवलेलं सांभाळत बसायचा मला कंटाळा आहे. हे मात्र लपवलं.

मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. हुकूमशाहीचा उदय आणि त्यातून पेटलेलं दुसरं महायुद्ध, हा धडा माझा हातखंडा. युरोपचा नकाशा टांगायचा आणि बोटानं दाखवत जायचं — इथे इटली, इथे जर्मनी. हा देश गिळला, मग तो गिळला, आणि बाकीचे बघत राहिले. घंटा झाली तरी मुली उठायच्या नाहीत. पुस्तकात नसलेलंही मी सांगायची. जर्मनीत युद्धाच्या कितीतरी आधी सरकारनं ठरवून टाकलं होतं की कुणाला मुलं व्हावीत आणि कुणाला नाही. त्यासाठी कायदा होता, डॉक्टर होते, माणसं आणून देणारे लोक होते. रणगाडे पुष्कळ नंतर निघाले, आधी हे झालं. वाचनालयातल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात मी हे वाचलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. माझ्याबद्दल काही मत करायचं असेल तर हे धरून करा — मला माहीत होतं.

१९७६ साल. आणीबाणी. शिक्षकांनी नसबंदीच्या केसेस आणायच्या, असा वरून हुकूम. केस म्हणजे माणूस. हा शब्द आमच्या तोंडात किती लवकर बसला म्हणून सांगू. स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी सगळे सहज विचारायचे, तुमची झाली का केस? ड्रॉइंगचे सर म्हणाले, "मी तर स्वतःचीच दिली, बाई. आता तुम्ही काय देणार?" सगळे हसले. मीही हसले.

मुख्याध्यापकांनी एकदा बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, दमही दिला नाही. म्हणाले, "बाई, तुमच्या नावावर अजून काही नाही. वरून विचारणा होते. माळशिरसला एक जागा रिकामी आहे म्हणे."

एवढंच. तुरुंग नाही, मारहाण नाही — माळशिरस. तिथे माणसं राहत नाहीत? शाळा नाही? कारणं माझ्याकडे होती, पण इथे लिहिली तर त्या सबबी होतील. म्हणून लिहीत नाही.

आता मल्लप्पा. हा मंद्रूपचा. आमच्या घरी ज्वारी त्याच्या वडिलांच्या वेळेपासून येते. वडील गेले, मग हा आणायला लागला. तेव्हा पंचविशीचा असेल, लग्नाला दोन वर्षं झालेली. मला अक्का म्हणतो. शहरात काहीही काम निघालं की आधी माझ्याकडे — अक्का, पंप कुटं दुरुस्त करतेत, अक्का, वकील कोन चांगला. मला ते आवडायचं. आपल्यावर कुणी इतकं विसंबून आहे, याचा एक माज असतो.

त्याच आठवड्यात तो आला आणि पोतं उतरवून जरा अवघडून उभा राहिला. म्हणाला, "अक्का, जांघेत गाठ आलिया. वझं उचललं की लई दुकतंय. कुटं दावू?"

मी विचार करायला वेळ घेतला, असं लिहिलं तर खोटं होईल. चहाचं आधण ठेवलं होतं. ते उकळायच्या आत माझं ठरलं होतं. म्हणाले, उद्या दुपारी ये, मी येते बरोबर. माझ्या ओळखीनं लगेच काम होईल.

दुसऱ्या दिवशी तो धुतलेली टोपी घालून आला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्याला दवाखान्यात नेलं. मागच्या दारानं नेलं, कारण पुढे नसबंदीचा मोठा फलक होता. अक्षरं त्याला फारशी येत नव्हती, पण चित्र कुणालाही कळलं असतं. आत बाक भरलेले. वाट बघणाऱ्या माणसांचे चेहरे — त्यांच्याकडे मी पाहिलं नाही. डॉक्टर घाईत होता. त्यानं मल्लप्पाकडे मान वर करूनही बघितलं नाही. मला इंग्रजीत विचारलं, याला मुलं किती?

मी इंग्रजीतच उत्तर दिलं. थ्री.

मल्लप्पा माझ्या शेजारीच उभा होता. त्याला एकही मूल नव्हतं. आम्ही दोघं शिकलेली माणसं त्याच्या गाठीबद्दलच बोलतोय असं वाटून तो आदरानं हसत होता. "काय म्हनले डॉक्टर?" त्यानं मला विचारलं. मी म्हणाले, आजच करून टाकू म्हणतात. त्यानं कपाळाला हात लावून डॉक्टरला नमस्कार केला.

आता सांगून झालं, असं वाटलं ना? नाही झालं. अजून आहे.

ज्याची केस त्याला तुपाचा एक डबा मिळायचा. तो मल्लप्पाचा होता. पण त्याला दिला असता तर त्यानं विचारलं असतं, गाठीला तूप कशाला? म्हणून मी तो पिशवीत घालून घरी आणला. टाकून देता आला असता, कुणाला देता आला असता. मी तो फळीवर ठेवला आणि होळीला पोळीवर वाढला. स्वतःही खाल्लं. चांगलं होतं. 

त्याची गाठ तशीच राहिली. विचारलं की मी म्हणायची, जिरेल हळूहळू. गावात लोकांनी कुजबुज केलीही असेल. पण तो अक्काबरोबर दवाखान्यात गेला होता ना? मग त्याला कसली शंका येणार?

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी नववीला तो धडा होता. नकाशा टांगला. सगळं शिकवलं. मुलं कुणाला व्हावीत हे ठरवणारा भाग तेवढा गाळला. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील मागावर चादरी विणायचे, घरी तेलुगू बोलायचे, आणि ती वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायची. म्हणाली, "बाई, तिथली लोकं नाही म्हणत नव्हती का?"

"घाबरायची," मी म्हणाले.

"कशाला घाबरायची, बाई? सगळ्यांनाच काय जेलात टाकणार होते?"

मी तिला खाली बसायला सांगितलं. काय उत्तर देणार होते? बदलीला, असं?

पुढच्या वर्षी आणीबाणी उठली. निवडणुकीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. आपण कसे मनातून विरोधात होतो, हे प्रत्येकजण सांगायला लागला. मीही सांगितलं. चारचौघांत, ठासून.

मग मल्लप्पाची बायको आली. शांतव्वा. सासू घेऊन आली होती. "अक्का, हिला दावा कुनाला तरी. चार वर्सं झाली, पाळना हलंना." मी तिला बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि मला म्हणाल्या, हिच्यात दोष नाही, नवऱ्याला घेऊन या. सासू बाहेर बसली होती. तिला मी सांगितलं, औषध लिहून दिलंय, धीर धरा. शांतव्वा सहा महिने ते औषध घेत होती. ताकदीच्या गोळ्या होत्या. प्रत्येक महिन्याला तिच्याकडे कुणी कसं पाहत असेल, हे मला कळत नव्हतं असं नाही. मीही बाई आहे. गेल्या वर्षी तिला माहेरी, माढ्याला, पाठवून दिलं. परत आणलं नाही.

काल मल्लप्पा ही ज्वारी घेऊन आला. दुसरं लग्न ठरलंय. मुलगी अक्कलकोटकडची, सोळा-सतरा वर्षांची. म्हणाला, "अक्षयतृतीयेला हाय. तुमी याच." मग खाली बघत म्हणाला, "शांतव्वा वाईट न्हवती, अक्का. पन आई ऐकंना."

मी त्याला चहा दिला. तो पिऊन गेला.

आता त्या सोळा वर्षांच्या मुलीलाही गोळ्या द्यायच्या? आणि मग तिलाही माहेरी पाठवायचं? इतकी वर्षं मी मुलींना बजावत आले की हुकूमशहा एकटा काही करू शकत नाही, त्याला हजारो माणसं लागतात. हे म्हणताना मी नेहमी नकाशाकडे बोट दाखवलं. बोट किती सोयीचं असतं.

१७ एप्रिल, मंगळवार. काल सकाळी शाळेत न जाता मंद्रूपची एसटी धरली. मल्लप्पाच्या अंगणात नव्या मुलीचा मामा बसला होता, मल्लप्पाची म्हातारी आई त्याला गूळ-पाणी देत होती. बरं झालं, सगळे होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. दवाखाना, तीन मुलं, तूप, गोळ्या. काही वगळलं नाही.

म्हातारी म्हणाली, "म्हंजी आमची सून वांझ न्हाय?"

"नाही."

"आन त्ये तुमाला ठावं हुतं?"

"हो."

मामानं टोपी उचलली आणि कुणालाही न सांगता निघून गेला.  मल्लप्पानं उठून अंगात सदरा घातला. आईला म्हणाला, "माढ्याला जाऊन येतो." मीही स्टँडकडे निघाले. माझ्या घरची वाट आणि माढ्याची, दोन्ही सोलापूरवरूनच; स्टँडवर तिकडची एकच गाडी उभी होती. दारात पाय ठेवून तो मागे वळला.

"तुमी फुडच्या गाडीनं या," म्हणाला.

मी पुढच्या गाडीनं आले.