सातवं सुकेळं

मी सातवी जागा खाल्ली. म्हणजे खरोखरच खाल्ली. सरांनी आमच्या टीपॉयवर सात सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, ओळीनं मांडली होती, आणि ऐकता ऐकता माझा हात गेला.

"अहो, ते उरलेल्यांचं होतं," सर म्हणाले आणि पुडीतून दुसरं काढून त्या जागी ठेवलं.

तुमच्याही सोसायटीत असा एखादा निवृत्त मास्तर असेल. आमचे सर नागरिकशास्त्राचे. मूळचे पापडीचे, इथे बोळिंजला सी विंगच्या चौथ्या मजल्यावर राहायचे. कसलीही वाटणी निघाली, पूजेचा प्रसाद असो की पार्किंग, त्यांचं एक बोट वर जायचं. "आधी उरलेल्यांचं बघा."

कमिटीच्या सातही जागा दर वेळी आमच्या ए विंगकडे यायच्या, घरं जास्त म्हणून. सी विंगची लिफ्ट महिनोन्‌महिने बंद. काकूंचे, म्हणजे सरांच्या बायकोचे, गुडघे गेलेले. पापडीला माहेरच्या वाडीत एकदा जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"लिफ्टचं नाव काढायला आमचा एक तरी माणूस आत हवा," सर म्हणायचे. घरोघर सुकेळी मांडून त्यांनी सगळ्यांना पटवलं की या वेळी जागा मतांच्या प्रमाणात वाटू. सत्तर मतं, सात जागा, म्हणजे दहा मतांना एक जागा. जागा उरली, तर ज्या विंगची उरलेली मतं सर्वांत जास्त, तिला ती द्यायची. मोजणी माझ्याकडे आली, कारण मी बँकेत आहे. लोक कशावरही विश्वास ठेवतात.

ए विंगला चव्वेचाळीस मतं, बी विंगला वीस, सी विंगला सहा. चार जागा, दोन जागा, शून्य. शून्य लिहिलं आणि मी सी विंगवर सरळ रेघ मारली. ज्यांची दहाच झाली नाहीत, त्यांचं काय उरणार? सातवी जागा आमच्या वरच्या चार मतांना देऊन टाकली. टाळ्याही घेतल्या.

"बरोबर ना, सर?" मी माईकवरून विचारलं.

सर शेवटच्या रांगेत होते. सी विंगचे उमेदवार तेच. बोट अर्धं वर आलं, मग खाली गेलं.

"अधिकारी तुम्ही," एवढंच म्हणाले.

नव्या कमिटीनं आधी ए विंगचं गेट रंगवलं. लिफ्ट पुढच्या मीटिंगवर गेली, मग त्याच्याही पुढच्या. काकू खाली आल्या त्या दवाखान्यात जायला, खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून. खुर्चीचा एक पाय माझ्याकडे होता. जिन्याच्या वळणावर त्या मला म्हणाल्या, "सांभाळून हो, तुमची कंबर."

त्या परत आल्या नाहीत.

महिन्याभरानं फाइल लावताना तो कागद हाती आला. रेघेखाली सहा दिसत होते. वर आमचे उरलेले चार. मी तसाच सी विंगचा जिना चढलो. तीनदा थांबलो.

"सर, ते सहा..."

"हो. चारापेक्षा मोठे."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"माझ्याच खुर्चीसाठी मीच कसं बोट वर करू? वाटलं, घरी गेल्यावर तुम्ही कागद पुन्हा बघाल." मग मला लागलेली धाप बघून ते आत गेले आणि पाणी घेऊन आले.

पुढं सर मुलीकडे नाशिकला गेले. जाताना सुकेळ्यांची पुडी आमच्या दाराशी ठेवून गेले. लिफ्ट आता चालते. चौथ्या मजल्यावर थांबते, दार उघडतं, समोर कुलूप.

हे सगळं मी बायकोला सांगितलं, तेव्हा ती पुडी मांडीवर घेऊन बसली होती. म्हटलं, आता बोलणी बसणार. मला सवय आहे.

"काकू खिडकीतून हाक मारायच्या मला, ये गं वर म्हणून," ती म्हणाली. "लिफ्ट सुरू झाली की येते, असं मीच म्हणत राहिले. चारच जिने होते हो."