शिंगाचा रंग

बोरीच्या शाळेवर मास्तर असताना माझ्या खोलीसमोर एक म्हातारबा एकटेच राहायचे. रानडुकरांसाठी ठेवलेल्या ठासणीच्या बंदुकीची बारूद ठेवायचं शिंग ते बैलाच्या शिंगापासून बनवत होते. बंदूक नामांतराच्या दंगलीपासून ठाण्यात जमा होती. तरी ते शिंग विटकरीच्या भुकटीनं घासायचे, काथाच्या पाण्यात भिजवायचे, जवसाचं तेल चोळायचे आणि संध्याकाळी माझ्या दाराशी यायचे.

"गुर्जी, रंग आलाय का बघा. मला रंगातलं उमजत न्हाई. म्हातारी होती तवर ती सांगायची."

"लय झाक आलाय," मी म्हणायचो. ते मान हलवून उंबऱ्याबाहेरूनच परत जायचे.

एका रविवारी मी खिडकीतून पाहिलं. म्हातारबा अंगणात बसून काचेच्या तुकड्यानं तो जमलेला तपकिरी रंग खरवडून काढत होते. रंग एकदा जमला, की माझ्याकडे यायला त्यांना दुसरं निमित्त उरणार नव्हतं.

दोन दिवसांनी ते पुन्हा रंगवलेलं शिंग घेऊन आले. मी ते उजेडात धरून पुष्कळ वेळ पाहिलं.

"अजून दोन-तीन हात लागतील, बाबा. आत या. खिचडी टाकायलोय."

त्यांनी वहाणा काढल्या.