दिवाकरचा पाचवा अल्बम

दुपारचं जेवण आटोपून हात पुसत होतो, तेव्हा लाखनीहून सुनंदा वहिनींचा फोन आला. "भाऊजी... हे गेले. दुकानातच, खुर्चीवर." दिवाकरला जाऊन आता दीड महिना होईल. पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा हा माझा कॉलेजपासूनचा मित्र. हायवेला लागून दुकान, समोरून दिवसभर ट्रक, आणि हा कानाला भलेमोठे हेडफोन लावून तांब्याची तार गुंडाळत बसलेला. गिऱ्हाईक हाका मारून मारून दमायचं.

एका जुन्या विलायती रॉक बँडचे बाराही अल्बम त्याला जमवायचे होते, तेही लॉसलेसमध्ये. बँडचं नाव लिहीत नाही. पेपरात चुकीचं छापलं गेलं तर तो वरून भांडायला येईल. लॉसलेस म्हणजे सीडीवरचा आवाज काहीही न गाळता, जसाच्या तसा उतरवलेली फाईल. एमपी३ करताना वरचा बारीक आवाज कापून फाईल लहान करतात, आणि ती नंतर कितीही मोठी केली तरी कापलेलं परत येत नाही. हे त्यानं मला इतक्या वेळा समजावलं की मी वैतागून म्हणायचो, "समोरून ट्रक जाऊन राहिले, तुले काय फरक कळते?" तो शांतपणे म्हणायचा, "ट्रक गेल्यावर कळते ना गा."

पाचवा अल्बम मात्र काही केल्या मिळेना. नागपुरात माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे ती सीडी होती. मी आणतो म्हणून बसलो आणि तीनदा नागपूरला जाऊन तीनदा विसरलो. चौथ्यांदा गेलो, तर त्यांनी ती कुणाला तरी देऊन टाकलेली. आता कोणत्या तोंडानं सांगणार? घरी येऊन नेटवरून एमपी३ घेतली, तिचीच लॉसलेस फाईल बनवली आणि पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवत म्हटलं, "घे, सीडीवरून काढलं." त्यानं अख्खा अल्बम ऐकला, हेडफोन काढले. "बढिया हाय, गजू. लय मोठं काम केलं तू." मी घाईघाईनं चहा सांगितला. त्यानंतर मी गेलो की तो हटकून स्पीकरवर तोच अल्बम लावायचा.

पुढे एकदा सिहोऱ्याचे एक मास्तर त्याच्यासाठी असाच कुठलासा अल्बम घेऊन आले. मी तिथेच होतो. दिवाकरनं फाईल कॉम्प्युटरवर उघडली, आवाजाचा आलेख काढला आणि वरची पट्टी कोरी दिसताच पेनड्राइव्ह परत दिला. "सर, हे एमपी३ले फुगवलं हाय. मले नाई पायजे." म्हणजे माझीही फाईल यानं तपासली असेल? की मित्राची म्हणून सोडून दिली असेल? तपासली असेल, तर बोलला का नाही? पुढची सात वर्षं विचारीन, विचारीन म्हणत राहिलो. आपण त्याला फसवलं हे सांगायचा धीर शेवटपर्यंत झाला नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावून घेतलं. "मले यातलं काई समजत नाई भाऊजी, तुमीच पाहा." मी त्याच्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्क जोडली. प्रत्येक अल्बमच्या फोल्डरमध्ये त्यानं छोटी नोंद लिहून ठेवली होती... सीडी कोणाची, कधी उतरवली, तपासली की नाही. पाचव्या अल्बमचे फोल्डर दोन निघाले. एकात लिहिलं होतं: सीडी टपालानं आली, स्वतः उतरवली, तपासली, बरोबर. तारीख माझ्या पेनड्राइव्हनंतर सहाच महिन्यांची. दुसऱ्यात होतं: "गजूनं आणलेलं. फुगवलेलं हाय. पुसून टाकाचं नाई. तो आला का हेच लावाचं."

वहिनींनी विचारलं, "काय लिवलं हाय?" मी वाचून दाखवलं, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तेही त्यांना सांगून टाकलं. मग दोन्ही फायली एकामागून एक ऐकल्या, हेडफोन लावून, डोळे मिटून. मला काहीच फरक कळला नाही. त्याला मात्र मी गेलो त्या प्रत्येक वेळी कळत होता.