भिंतीवरचा हार

त्या दिवशी सकाळी धुकं असं दाट पडलं होतं, की अंगणातून गोठा दिसंना. थंडी तर हाडात शिरलेली. आता मी काय घोळ घातला, ते सावकाश ऐका.

मोबाईल तेव्हा सापगावात कोणाकडं नव्हता. शहरातून एक चित्रकार आलेला. गावोगावच्या भिंतींवर साध्या माणसांची तोंडं रंगवायचा. आमची भिंत नेमकी रस्त्याला. तिच्यावर त्यानं माझं तोंड काढलं. केवढं? दारापेक्षा मोठं! एकेक सुरकुती बैलगाडीच्या चाकोरीएवढी.

"कसं वाटतं, बाबा?"

"ब्येस! पण हार राहिला."

"हार कशाला?"

"अरे, घरात फोटो दोनच. बापाचा आन् आजाचा. दोन्हींना हार हाय. बिनहाराचं बोडकं दिसतं!"

हसला बिचारा. संध्याकाळी झेंडूचा टपोरा हार रंगवला आन् गेला.

सकाळी मी वालाच्या शेतात निघालो. कारभारीण खोकत होती. म्हटलं, "पडून राहा गो." ती कसली ऐकते! माझ्या मागनं दार लावून धुणं घेऊन नदीवर गेली. मला काय ठाऊक?

धुकं विरलं, तसा घराकडनं रडण्याचा आवाज. बायकांचा! कसाबसा धावत आलो, तर दाराशी ही गर्दी! मधी माझी मुरबाडची बहीण ऊर बडवतेय.

गेली आपली म्हातारी! सकाळी खोकत होती, आन् मी वाल बघायला गेलो!

मी मागंच मटकन बसलो आन् गळा काढला. तोंडाला मफलर, मला कोण ओळखणार? शेजारी बसलेला कोणी परगावचा पाठीवरनं हात फिरवत म्हणाला, "रडू नका, बाबा. माणूस लय चांगला होता."

एवढ्यात कानाशी आवाज. "अवो, कोण गेलं? तुमी का रडता?"

वर बघतो, तर कारभारीण! डोक्यावर धुण्याचं घमेलं! मी किंचाळलो. मफलर सुटला. तशी बहीण मला बघून माझ्या दुप्पट किंचाळली.

"दादा! तू हायस? एसटीतनं दिसलास रे, एवढा मोठा हार घातलेला! तशीच उतरले!"

सगळी गर्दी एकदा भिंतीकडं बघते, एकदा माझ्याकडं. मला तर धरणी फाटावी असं झालं.

"त्या चित्रकाराला शोधा रे," मी म्हटलं. "आधी तो हार पुसायचा."

शेजारचा काशीनाथ डोळे पुसत उठला. म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे. आज ना उद्या लागणारच हाय. तेव्हा पेंटर कुठं शोधायचा?"